आखाजीचा मुऱ्हाळी आणि हद्दीवरचे नाके

२७ एप्रिल २०२५, रविवार. अमळनेर ते उधना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बहिणी माहेरी आल्या पाहिजेत आणि त्यांना आणायला घरचा पुरुष गेला पाहिजे, ही आमच्या खानदेशातली जुनी रीत. आणायला जाणारा तो मुऱ्हाळी. वडील गेल्यापासून आमच्या घरचा मुऱ्हाळी मी. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. दाजींनी उभी हयात यंत्रमागावर काढली, त्यामुळे तिचा संसार सुरतेजवळ उधन्याला. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत एवढा खानदेश राहतो, की किराणा दुकानात आणि रिक्षात अहिराणी बोललं तरी काम भागतं. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात तापी लाइनच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही ती याचमुळे.

यंदा आईच म्हणाली, "नको जाऊ. फोन कर तिला, पुढल्या महिन्यात ये म्हणावं." आई ब्याऐंशी वर्षांची. आखाजी चुकली तरी चालेल असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. पाचच दिवस झाले होते. २२ तारखेला काश्मीरमध्ये पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली, बहुतेक सगळी फिरायला गेलेली. त्यांत आपल्या राज्यातले सहा जण, डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. सुरतेलाही एका घरी प्रेत आलं होतं. दुसऱ्याच दिवशी सरकारने अटारीची हद्द बंद केल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानी पारपत्रावर आलेल्यांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द, फक्त उपचारासाठी आलेल्यांना २९ पर्यंत मुभा. मी निघालो तो नेमका हा २७ चाच दिवस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिंधी कापडवाल्यांचं दुकान आहे. त्यांची मावशी सिंधमधून भाच्याच्या लग्नाला आलेली होती. हळदही लागायची होती, पण तिला शुक्रवारीच अमृतसरच्या गाडीत बसवून द्यावं लागलं. जळगावकडे अशी बरीच सिंधी घरं आहेत. त्यांतल्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या हिंदू कुटुंबांना धक्का लागणार नाही असा खुलासा केंद्राने लगेच केला. मावशीचा व्हिसा मात्र थोड्या दिवसांचा होता. आज सकाळी दुकानदार शटर अर्धंच उघडून बसले होते. "रडली नाही ती," एवढंच म्हणाले.

गाडीला तोबा गर्दी. नंदुरबारला रेल्वे पोलीस कुत्रं घेऊन डब्यात चढले आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघू लागले. मालक कोण ते कळेना अशी एक गोणी निघाली. ती खाली उतरवली, सगळ्यांना मागे सरकवलं. गोणीत लाल मिरच्या निघाल्या. त्यांची मालकीणबाई दुसऱ्या डब्यात जागा मिळाली म्हणून तिकडे जाऊन बसली होती. या सगळ्यात पाऊण तास गेला, पण कुणी कुरकुर केली नाही. बैसरनचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले होते.

नवापूर स्टेशन आलं तेव्हा दुपार कलली होती. हे स्टेशन मी लहानपणापासून पाहतोय. फलाटाची लांबी साधारण ८०० मीटर, त्यातले ३०० महाराष्ट्रात आणि ५०० गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशन मास्तरांची खोली, प्रतीक्षालय आणि संडास पलीकडे तापी जिल्ह्यात. मध्ये एक बाक आहे, त्याच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि अर्ध्या भागावर गुजरात रंगवलेलं. घोषणा चार भाषांत होतात. स्टेशन बांधलं तेव्हा ही हद्दच नव्हती, ती १ मे १९६० ला आली. तिकडे दारूबंदी, इकडे नाही, म्हणजे खिशातली दारूची बाटली फलाटाच्या या टोकाला चालते आणि त्या टोकाला गुन्हा होते. आज त्या बाकावर एक म्हातारी पेंढी उशाला घेऊन आडवी झाली होती, डोकं महाराष्ट्रात, पाय गुजरातेत. दोन पोलीस तिच्याजवळ आले, बघितलं आणि तिला न उठवता पुढे गेले.

उधन्याला पोचायला रात्र झाली.

२८ एप्रिल, सोमवार. उधना

माणसं अशी कागद शोधताना मी कधी पाहिली नव्हती. शनिवारी पहाटे अहमदाबाद आणि सुरतेत पोलिसांनी मोठी मोहीम केली होती. बेकायदा राहणारे बांगलादेशी म्हणून दोन्ही शहरांतून मिळून हजारावर माणसं एका रात्रीत ताब्यात घेतली. त्यातली कोण कुठली याची छाननी पुढे व्हायची होती. पण ताईच्या चाळीतल्या माणसांना एवढं पुरेसं होतं. दाजींनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. आधार, रेशनकार्ड, वीजबिल, मतदान कार्ड. त्यांच्याही खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, शहादा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा १९६८ सालचा दाखला. घड्यांवर फाटलेला, मागून कुणीतरी पातळ कागद चिकटवलेला. दाजी म्हणाले, "पन्नास वर्षं झाली इथे येऊन. हा कधी लागेल असं वाटलं नव्हतं."

समोरच्या खोलीत मालदा जिल्ह्यातले दोन भाऊ राहतात, भरतकामाच्या मशिनवर काम करतात. आपलेच, बंगालचे, भारताचे. पण बोली बंगाली आणि धर्म मुसलमान. दोघं शनिवारपासून कामावर गेले नव्हते. ताई त्यांना दोन वेळा पोळ्या नेऊन देत होती. मला याचा अभिमान वाटला आणि तो इथे लिहून ठेवावासा वाटतो.

संध्याकाळी ठरलं, की परत रेल्वेने जायचं नाही. आरक्षण नव्हतं आणि ताईचे गुडघे त्या गर्दीत टिकले नसते. मोठ्या भाच्याकडे ईको गाडी आहे, तीच काढायची. सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे आणि अमळनेर.

२९ एप्रिल, मंगळवार. उधना ते अमळनेर

एरवी सहा-सात तासांचा रस्ता. आम्ही पहाटे पाचला निघालो आणि रात्री पावणेनऊला घरी पोचलो. त्या दिवसाचं सविस्तर लिहितो.

राज्याच्या हद्दीजवळ पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. पुढे ट्रकांच्या दिव्यांची लांब रांग. अंगावर ऊन यायला लागलं होतं, खानदेशात आणि त्याच्या शेजारी एप्रिलच्या शेवटी पारा चाळिशीच्या वर असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकही झाड नाही, चौपदरीकरणात ती गेली. गाडी बंद केली की आत भट्टी आणि बाहेर डांबर. तासाभरात आमच्याकडचं पाणी संपलं. एक पोरगा पाण्याच्या बाटल्या विकत होता, वीसची बाटली चाळीसला. घेतल्या.

एकामागे एक दोन नाके होते, एका राज्याचा एक, दुसऱ्याचा दुसरा. मध्ये जेमतेम काही किलोमीटरचं अंतर. पहिल्याने पाहिलेलं दुसऱ्याला मान्य नाही, म्हणून दोन्हीकडे तीच बॅग, तेच प्रश्न, तीच रांग. एका नाक्याने नंबर टाकून, वेळ घालून एक चिठ्ठी दिली आणि दुसऱ्याने ती ग्राह्य धरली, तर अर्धे लोक अर्ध्या वेळात सुटतील. शिवाय पोलिसांना ज्यांच्याकडे खरोखर बघायचंय त्यांच्याकडे नीट बघता येईल. हे मला त्या रांगेत बसून सुचलं आणि अजूनही पटतं.

एका नाक्यावर ताईच्या थैलीतून किणकिण आवाज आला. जवानाने हात मागे घेतला. "काय आहे आत?" ताई म्हणाली, "कुकर आहे भाऊ, भाचीच्या रुखवताचा." पाच लिटरचा नवा कुकर, जुन्या साडीत गुंडाळलेला. आतली जागा वाया जाऊ नये म्हणून ताईने त्यात काचेच्या बांगड्यांचे डबे भरले होते. जवान दोन पावलं मागे सरला आणि इतरांनाही मागे व्हायला सांगितलं. तो पोरगेला होता, पंचविशीच्या आतला. ताईला म्हणाला, "मावशी, तुम्हीच उघडा, सावकाश." ताईने मूठ धरून झाकण फिरवलं, ते फिरेना. गाडीत तापून रबर चिकटलं होतं. आजूबाजूची माणसं गप्प झाली. ताईच्या कपाळावरून घाम नाकाच्या टोकावर आला, पुसायला हात मोकळा नव्हता. तिसऱ्या हिसक्याला झाकण सुटलं आणि एक डबा उलटून हिरव्या बांगड्या रस्त्यावर घरंगळल्या. तो जवान वाकला आणि एक एक बांगडी उचलून देऊ लागला. "माफ करा मावशी, बघावंच लागतं."

बघावंच लागतं हे मला मान्य आहे. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा तपासात कुकरांचंच नाव आलं होतं. त्याच सप्टेंबरात मालेगावला स्फोट झाले, ते आमच्या धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर. आपल्या कुकरवर शंका घेतली म्हणून मला राग आला नाही. त्या मुलाने ती शंका ज्या पद्धतीने फेडली, तिचं मला कौतुक आहे.

दुसऱ्या ठिकाणचं मात्र विसरता येत नाही. तिथे बाई पोलीस नव्हती. एकाने ताईची कपड्यांची पिशवी गाडीच्या बॉनेटवर उपडी केली आणि आतले कपडे एक एक उचलून बाजूला टाकले. लुगडी, परकर आणि आतले कपडेसुद्धा, पन्नास माणसांसमोर. वारा होता. एक कपडा खाली पडला, तो मी उचलला. ताई दुसरीकडे तोंड करून उभी होती. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, भावासमोर आणि मुलासमोर. अटक झालेल्या बाईची झडतीसुद्धा बाईनेच आणि मर्यादा राखून घ्यायची, हे जुन्या कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ताईला तर अटक नव्हती, ती माहेरी निघाली होती. मी त्या माणसाला एवढंच म्हणालो, "साहेब, पिशवी आडोशाला नेऊन बघा ना." तो म्हणाला, "आडोसा कुठंय इथे?" ते खरंच होतं.

आडोसा नव्हता म्हणून आणखी एक झालं. रांगेत दोन तास होऊन गेल्यावर ताई माझ्या कानात म्हणाली, तिला जायचंय. साठी ओलांडलेली, साखर असलेली बाई. जवळपास धाबा नाही, पंप नाही, झाडही नाही. मागच्या जीपमधल्या दोन अनोळखी बायकांना ती दिसली, त्या उतरल्या, एकीने गाडीतली चादर आणली आणि रस्त्याच्या उताराखाली दोघींनी ती धरून उभं राहून तिला आडोसा केला. मग त्या दोघी पाळीपाळीने गेल्या आणि ताईने चादर धरली. नंतर मी मागे बघितलं तर रांगेतल्या आणखी चार-पाच बायका त्या चादरीकडे निघाल्या होत्या. ती चादर निळी होती, तिच्यावर मोर होते.

भाच्याचं लायसन्स मोबाइलमध्ये, डिजिलॉकरमध्ये. एका नाक्याने ते पाहून परत दिलं, दुसऱ्याने "ओरिजिनल काढ" म्हणून वीस मिनिटं घालवली. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं २०१८ पासून मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहेत. भाच्याने नम्रपणे तेच सांगितलं. शेवटी साहेबांना फोन लावून विचारलं गेलं आणि सुटका झाली.

हे सगळं झालं तरी, लायसन्सची ती वीस मिनिटं सोडली तर, आमची गाडी जेव्हा प्रत्यक्ष तपासणीला आली तेव्हा ती बारा-पंधरा मिनिटांत मोकळी झाली. आमच्या बाजूला ऊसतोड मजुरांची ट्रक होती. नंदुरबार-धुळ्याकडची आदिवासी कुटुंबं दर वर्षी बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात, दिवाळीनंतर गेलेली माणसं आत्ता हंगाम संपवून घरी परतत होती. तिसेक माणसं, लहान पोरं, कोंबड्या आणि सहा महिन्यांचा संसार बोचक्यांत बांधलेला. त्यांना खाली उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीने बसवलं होतं. प्रत्येक बोचकं सोडायला लावलं. कोयते निघाले, अर्थातच, ते ऊस तोडतात. त्या कोयत्यांवरून प्रश्न सुरू झाले. आम्ही आलो तेव्हा ती बसलेली होती आणि आम्ही निघालो तेव्हाही बसलेलीच होती. एका बाईने पदर ताणून दोन पोरांवर सावली धरली होती. तिचा हात थरथरत होता. मी आमच्या उरलेल्या दोन बाटल्या तिला दिल्या. पोलिसांनी अडवलं नाही, पण दिल्याही कुणी नव्हत्या.

बैसरनला जे आले ते बोचकी घेऊन आले नव्हते. कुणाला किती वेळ थांबवायचं हे पायातल्या चपलेवरून ठरत असेल, तर त्या नाक्याने कुणाचंच रक्षण होत नाही. गाडी कोंडाईबारीचा घाट चढत होती तेव्हा मी हे ताईला म्हणालो. ती काही बोलली नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिली. साक्रीच्या पुढे म्हणाली, "त्या पोरग्याने बांगड्या किती मोजून दिल्या रे, एकही फुटली नाही."

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी घागर भरली. नव्या मातीच्या घागरीवर लहान लोटा, त्यावर डांगर आणि आंबे, गेलेल्यांच्या नावाने. वडिलांचं नाव घेताना आईचा आवाज बसला. दुपारी खापराची पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडया. चिंचेच्या झाडाला झोका. गल्लीतल्या माहेरवाशिणी गौराईजवळ जमल्या. दोघी आल्या नव्हत्या, एक इंदूरहून आणि एक वापीहून. घरच्यांनी पाठवलं नाही.

जेवणं झाल्यावर धाकट्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडात लेस्टरला शिकतो. ताईने त्याला नाक्याचं सांगितलं, कपड्यांचं सोडून. तो म्हणाला, "मामा, मला जानेवारीत इथल्या विमानतळावर असंच बाजूला घेतलं होतं. तेव्हा तुम्हाला घाबरवायचं नाही म्हणून बोललो नाही." मग त्याने सांगितलं ते असं. तिथे २००० सालचा दहशतवादविरोधी कायदा आहे. त्याच्या सातव्या परिशिष्टाखाली बंदरावर, विमानतळावर कुणालाही संशय नसतानाही थांबवता येतं. जास्तीत जास्त सहा तास. आधी ती मुदत नऊ तासांची होती, २०१४ च्या कायद्याने कमी केली. प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं, मोबाइल उघडून द्यावा लागतो, नाही म्हटलं तर तोच गुन्हा. याला पावणेचार तास बसवलं. शेवटची बस चुकली, रात्र बाकावर काढली.

मी विचारलं, "अपमान केला का?" तो थोडा थांबला. "तसं नाही. कागद हातात दिला, त्यावर माझे हक्क लिहिले होते, किती वेळ ठेवू शकतात तेही. पाणी दिलं. पण रांगेतून आम्हा तिघांनाच काढलं आणि तिघांचाही रंग माझाच होता."

ताईने पटकन फोन स्वतःकडे वळवला आणि तू जेवलास का ते विचारलं.

१ मे, गुरुवार. अमळनेर ते सेंधवा आणि परत

महाराष्ट्र दिन. नाक्यावरच्या जवानांच्या छातीला लहान झेंडे होते. मामेबहिणीच्या मुलाचं लग्न मध्य प्रदेशात सेंधव्याला, ताईला जायचंच होतं. मी म्हटलं गुडघे, ती म्हणाली लग्न. नरडाण्यावरून आग्रा रोडला लागलो, सावळद्याचा तापीवरचा पूल, शिरपूर, दहिवद, हाडाखेड, पळासनेर. पुढे बिजासनचा घाट चढला की सेंधवा.

या रस्त्यावरची नाकाबंदी नवी नाही. सातपुड्यातून गावठी कट्टे आणि गुटखा उतरतो म्हणून इथे वर्षभर तपासणी असते. त्याहून मागे जायचं तर घाट राखणं हे खानदेशाच्या नशिबाचंच. इंग्रजांनी १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आउट्रमच्या हाताखाली. त्याआधी घाट अडवतात म्हणून ज्यांना मारलं, त्याच भिल्लांना मग घाट राखायला उभं केलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा हा धडा मुलांना दोनदा सांगायचो.

रांग होतीच, इथेही. पण नाक्याशी पोचलो आणि मला बरं वाटलं. हिरव्या जाळीचा मांडव घातलेला, खाली चार बाकडी, दोन मोठे माठ, साखळीने बांधलेले पेले. मांडवाच्या कोपऱ्यात जुन्या बॅनरच्या कापडाचा आडोसा करून एक बाई पोलीस बसलेली. बायकांच्या पिशव्या तिच्याकडे, आत. ताई आत गेली, दोन मिनिटांत बाहेर आली. हवालदार पन्नाशीचे. माझं गाव विचारलं, मी सांगितलं, आणि ते सरळ अहिराणीवर आले. "आखाजी हुईनी का जिभाऊ? बठा, पानी पी ल्या." त्यांनी डिकी पाहिली, सीट उचलून पाहिली, चेसिस नंबर जुळवला. सैल काहीच नव्हतं. तपासणी पहिल्या दोन्ही नाक्यांपेक्षा कडक झाली, आणि आम्ही दहा मिनिटांत मोकळे.

शेजारी काळी-पिवळी जीप उभी होती, पावरा आदिवासी कुटुंब, त्यांच्याकडच्या लग्नातले नवरदेवाकडचे. त्यांच्याशी एक तरुण शिपाई पावरीतच बोलत होता. तीही बाकड्यावरच बसली होती. पलीकडे एका ट्रकमधून भुसाच्या पोत्यांआड गुटख्याची खोकी निघत होती. त्याच्या मागे चोपड्याहून केळी भरलेला ट्रक. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी ताडपत्री उचलून घडांना हात लावून बघे. केळी कच्ची कापतात, पण अशा उन्हात ट्रक थांबला की घड आतून तापतात आणि मंडीत पोचेपर्यंत रंग धरतात, मग भाव पडतो. हवालदारांनी त्याला पुढे घेतलं. "तू जा बाबा, तुना माल खराब हुई जाई."

मी त्यांना विचारलं, मांडव सरकारी का. ते म्हणाले, जाळी एका शेतकऱ्याच्या रोपवाटिकेतली, माठ गावातल्या बायकांनी ठेवले, बाकडी शाळेतली, सुट्टी आहे म्हणून आणली. सगळा खर्च शंभर रुपयांच्या दोऱ्याचा. मी तो मांडव नीट पाहून घेतला. आठ बांबू लागले होते.

लग्न चांगलं झालं. परतताना रात्र होती, मांडवात एक बल्ब जळत होता आणि तेच हवालदार उभे होते.

७ मे, बुधवार. अमळनेर

मधले दिवस घरचे, ते सोडतो. मध्यरात्री एकच्या पुढे आपल्या सैन्याने पलीकडच्या तळांवर हल्ले केले, ऑपरेशन सिंदूर, हे सकाळी उठल्यावर कळलं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरलेली होती, १९७१ नंतर एवढी मोठी पहिल्यांदाच. महाराष्ट्रातल्या सोळा ठिकाणांच्या यादीत भुसावळचं नाव होतं. रेल्वेचं जंक्शन आणि आयुधनिर्माणी तिथे आहे, म्हणून असणारच. आईला १९७१ आठवलं, खिडक्यांना काळे कागद लावल्याचं ती सांगत राहिली.

ताई उद्या निघणार. दाजींनी फोनवर सांगितलं, रस्ते सगळीकडे कडक आहेत, थांब आठ दिवस. ती ऐकेना. आज दुपारभर ती आईच्या शिलाई मशिनपाशी बसली होती. मला वाटलं पोरींचे फ्रॉक शिवते. जवळ जाऊन पाहिलं तर जाड खाकी कापडाची पिशवी शिवत होती, तोंडाशी दुहेरी नाडी ओवलेली. आतले कपडे त्यात घालून तिने नाडीला गाठ मारली. मग बॅग भरली, तळाशी कुरडया आणि सांजोऱ्यांचा डबा, मध्ये साड्या, एका कडेला ती पिशवी. सगळ्यात वर, हाताला चटकन लागेल असं, प्लास्टिकच्या पाकिटात आधार आणि तिकीट, आणि आईने दिलेली एक जुनी चादर घडी करून.

"चादर कशाला? गाडीत उकडेल," मी म्हणालो.

"आडोशाले," ती म्हणाली, आणि चेन ओढली.